पोटासाठी गेले का? ३२ व्या इंडियानाबद्दल थोडं लांबलचक

प्रिय संद्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना, "ते जर्मन काय रे, पगार मिळत होता म्हणून भरती झाले, दुसऱ्याच्या देशासाठी कोण मरतं", त्याचं नीट उत्तर द्यायचं होतं आणि फोनवर मला ते जमत नाही, म्हणून लिहायला बसलोय. लांबणार आहे, सवडीने वाच.

तुला माहितीये, इथे केंटकीत लुईव्हिलला आल्यापासून मी या सिव्हिल वॉरमधल्या, म्हणजे १८६१ ते ६५ च्या अमेरिकेतल्या उत्तर विरुद्ध गुलामगिरीवाली दक्षिण या यादवी युद्धातल्या, जर्मन पलटणींच्या मागे लागलोय. लिंकनच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूने लढलेल्यांत साधारण दोन लाख माणसं जर्मन मुलखात जन्मलेली होती. बरेचसे इतर रेजिमेंटमध्ये विखुरले गेले पण काही पलटणी अख्ख्या जर्मन होत्या, कर्नलपासून शिपायापर्यंत, ऑर्डरीसुद्धा जर्मनमध्ये. ३२ वी इंडियाना त्यातलीच एक, ऑगस्ट १८६१ मध्ये इंडियानापोलिसला उभी राहिली, पोरं इंडियानातल्या गावांमधली आणि काही शेजारच्या सिनसिनाटीची.

कर्नल होता ऑगस्ट विलिख, आणि हा माणूस कळल्याशिवाय ती पलटण कळत नाही. प्रशियन सैन्यातला ऑफिसर, विचार बदलले म्हणून नोकरी सोडली, सुतारकाम शिकला, १८४९ च्या जर्मनीतल्या राजेशाहीविरुद्धच्या बंडात बाडेनमध्ये स्वयंसेवकांची तुकडी घेऊन लढला आणि तिथे त्याचा सहायक कोण तर फ्रेडरिक एंगल्स, कार्ल मार्क्सचा जोडीदार! बंड चिरडलं गेलं, मग लंडन, तिथे मार्क्सशी इतकं फाटलं की थेट द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं (मार्क्सने घेतलं नाही), आणि १८५३ मध्ये अमेरिका. ब्रुकलिनच्या नौदल गोदीत पुन्हा सुतारकाम, मग सिनसिनाटीत जर्मन पेपरचा संपादक. युद्ध सुरू झालं तेव्हा पन्नाशी ओलांडलेली. पलटणीतल्या शिपायांना तो 'नागरिकहो' म्हणून हाक मारायचा. मला हे फार मोठं वाटतं रे, त्या काळच्या प्रशियन शिस्तीत वाढलेल्या माणसाने असं बोलणं.

आता रोलेट्स स्टेशनची गोष्ट. १७ डिसेंबर १८६१, केंटकी, ग्रीन नदीवरचा रेल्वेपूल दक्षिणेकडच्यांनी उडवलेला, तो दुरुस्त होईपर्यंत राखण करायला ३२ व्या इंडियानाच्या काही कंपन्या नदीपलीकडे पसरलेल्या. समोरून दक्षिणेच्या टेक्सास रेंजर्सचं घोडदळ आलं, घोड्यावरच वाढलेली माणसं, हातात शॉटगन आणि पिस्तुलं. विलिख त्या वेळी हेडक्वार्टरला गेलेला, सुरुवातीला लढाई त्याच्या लेफ्टनंट कर्नलने, फॉन ट्रेब्राने सांभाळली. मोकळ्या शेतात घोडदळ अंगावर येत असताना एका कंपनीने चौकोन केला, म्हणजे चारी बाजूंना तोंड करून संगिनी बाहेर, आणि घोडे अगदी जवळ येईपर्यंत गोळी झाडायची नाही. तू एनसीसीत होतास, तुला कळेल नुसती कवायतीत अशी रचना करायलाही किती सराव लागतो. आणि ही माणसं चार महिन्यांपूर्वी आपापल्या कामधंद्यात होती. बिगुलावर ऑर्डर जायची आणि पसरलेली माणसं गोळा व्हायची. जी कंपनी उघड्यावर सापडली तिचं मात्र सगळ्यात जास्त नुकसान झालं. रेंजर्सचा कर्नल टेरी तिथेच पडला, आणि पूल राहिला.

पुढची मोठी लढाई शायलो, ७ एप्रिल १८६२, दुसरा दिवस. गोळीबारात पलटण डळमळायला लागली, नेम चुकायला लागले. विलिख पुढे गेला, शत्रूकडे पाठ करून स्वतःच्या माणसांकडे तोंड करून उभा राहिला आणि त्यांच्याकडून बंदुकीची कवायत करून घेतली. गोळ्या चालू असताना! माणसं स्थिर झाली आणि मग हल्ला. लू वॉलेस नावाच्या जनरलने हे जवळून पाहिलेलं.

बाकी पटपट सांगतो. डिसेंबर १८६२ च्या शेवटच्या दिवशी स्टोन्स रिव्हरला विलिखचा घोडा मेला आणि तो पकडला गेला, काही महिने रिचमंडच्या लिबी तुरुंगात होता. सुटून आल्यावर ब्रिगेडला, म्हणजे काही पलटणींच्या गटाला, चार रांगांची पद्धत शिकवली, एक रांग गोळी झाडते, मागची तिच्या पुढे जाऊन झाडते, म्हणजे गोळीबार न थांबता पुढे सरकायचं. जून १८६३ मध्ये लिबर्टी गॅपला ती वापरलीसुद्धा. नोव्हेंबरमध्ये मिशनरी रिजचा चढ, खरी ऑर्डर पायथ्याचे खंदक घेण्यापुरतीच पण माणसं वरपर्यंत गेली, आणि सगळ्यात आधी माथ्यावर पोचलेल्यांत ही पलटण होती. १८६४ मध्ये रेसाकाला विलिख जखमी झाला, आणि त्याच वर्षी तीन वर्षांची मुदत संपल्यावर बहुतेक शिपाई घरी गेले.

आता तुझा मुद्दा. हो, पगार होता, शिपायाला महिना १३ डॉलर, आणि युद्धाच्या सुरुवातीला धंदे बसले होते, हे खरंच. पण मी राहतो त्याच लुईव्हिलमध्ये ६ ऑगस्ट १८५५ ला निवडणुकीच्या दिवशी जमावाने जर्मन आणि आयरिश वस्त्यांवर हल्ले केले, घरं जाळली, किमान २२ माणसं मारली. कारण काय तर हे बाहेरचे. त्यानंतर सहा वर्षांत याच राज्यात हे जर्मन त्या देशासाठी उभे राहिले. आणि नंतरही काय मिळालं? मे १८६३ मध्ये चान्सलर्सव्हिलला उत्तरेची एक आख्खी कोअर (सैन्याचा मोठा विभाग, त्यात बऱ्याच जर्मन पलटणी) बाजूने आलेल्या हल्ल्यात फुटली, तिच्यात निम्म्याहून जास्त तर अमेरिकनच होते, पण पेपरांनी खापर फोडलं जर्मनांवर. नुसत्या १३ डॉलरसाठी माणूस हे सगळं गिळत नाही. विलिखसारख्यांसाठी तर गुलामगिरीविरुद्धची लढाई ही १८४९ मध्ये हरलेल्या लढाईचाच पुढचा भाग होता. प्रत्येक शिपाई असा विचार करत होता असं मी म्हणत नाही. तुझे आबा मराठा लाइट इन्फंट्रीत इटलीपर्यंत गेले, तू म्हणतोस पोटासाठी गेले. गेले असतील. पण सोबतचा माणूस पडल्यावर त्याला सोडून न येणं हे पोटासाठी नसतं ना?

म्हणून तो दगड तुला दाखवायचाय. रोलेट्स स्टेशननंतर याच पलटणीतल्या ऑगस्ट ब्लोडनर नावाच्या साध्या शिपायाने चुनखडीच्या दगडावर गरुड कोरला, आणि खाली मेलेल्या तेराजणांची नावं, जन्माची तारीख, जन्मगाव, सगळं जर्मनमध्ये. सरकारने सांगितलेलं नव्हतं, युद्ध चालू होतं, जानेवारी १८६२ ची थंडी. तिकडच्या मृतांसोबत १८६७ मध्ये तो दगड लुईव्हिलच्या केव्ह हिल स्मशानभूमीत आणला. सिव्हिल वॉरची आज शिल्लक असलेली सगळ्यात जुनी स्मृतिशिळा हीच. दगड मऊ, पावसाने अक्षरं झडत गेली, म्हणून २००८ मध्ये काढून दुरुस्त केला आणि आता तो इथल्या फ्रेझर म्युझियममध्ये आत ठेवलाय, स्मशानात प्रतिकृती आहे. मी समोर उभा राहून बोटाने नाही पण नजरेने एकेक ओळ लावायचा प्रयत्न केला, बराच भाग आता वाचता येत नाही. ब्लोडनरला ती गावं पाठ कशी असतील? त्याने विचारली असणार, त्यांच्या मित्रांना, एकेकाला.

तू पुढच्या वर्षी आलास तर आपण रोलेट्स स्टेशनजवळच्या मनफर्डव्हिललाही जाऊ, दीड तासाचाही रस्ता नाही, ते शेत आणि पूल दोन्ही बघता येतील. आणि हो, आबांच्या ट्रंकेत डिस्चार्जचे कागद असतील तर फोटो काढून पाठव, बटालियनचा नंबर कळला की इटलीत ते नेमके कुठे होते ते मी शोधून बघतो. वहिनींना आणि आईंना नमस्कार सांग.

तुझा,
पक्या