विन्या, प्लग बोलला

सोलापूर,
१७ मे

प्रिय विन्या,

बोलला एकदाचा! काल रात्री पावणेदोनला. पुण्याला जाताना "ठेव, कामाला येईल" म्हणून तू माझ्या गळ्यात मारलेला तो २००९ सालचा शीवाप्लग, भिंतीच्या सॉकेटात बसणारा छोटा लिनक्स कॉम्प्युटर. इतकी वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मामांच्या कारखान्यात भिंतीला चिकटून मागांच्या फेऱ्या मोजत होता, लिनक्सच्या २.६ च्या कर्नलवर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यावर, काही कुरकुर न करता. यंदा मामांनी हिशेबासाठी नवा सर्व्हर घेतला आणि त्यानं ह्याला दारातच उभं केलं नाही. ह्याचं टीएलएस, म्हणजे नेटवर सुरक्षित बोलायची पद्धत, जुनी, ती चालत नाही म्हणे. नवी डेबियन (तयार लिनक्स सिस्टिम) टाकून बघितली, तर 'कर्नल टू ओल्ड' म्हणून सुरुवातीलाच आडवी. तिच्यातल्या ग्लिबसीला, सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात त्या लायब्ररीला, किमान ३.२ कर्नल लागतो. म्हटलं, घालायचाच तर ६.१ घालू.

तू फोनवर आरामात बोललास, "यू-बूट पण बदल बे." तुझं काय जातंय? इथं मे महिना, लाइट कधी जाईल नेम नाही. कर्नल सुरू करून देणारं यू-बूटच लिहिता लिहिता लाइट गेली तर पुढचं, थेट चिपला वायर जोडून जिवंत करायचं जेटॅगचं लफडं निस्तरायला तू येणार होतास का? जुनं यू-बूट तसंच ठेवलं. सगळी गंमत तिथंच झाली.

मिनी-यूएसबीची वायर लावली, ११५२०० च्या वेगावर टर्मिनल उघडलं, टीएफटीपीनं नेटवर्कवरून कर्नल चढवला. 'अनकंप्रेसिंग लिनक्स... डन, बूटिंग द कर्नल.' आणि मग काहीच नाही. तीन रात्री हेच. कर्नल बनवायची टूलचेन बदलली, रॅम तपासली, बिचाऱ्या वायरवर तर दोनदा संशय घेतला. शेवटी अगदी सुरुवातीचे संदेश दाखवणारा डीबग-एलएल पर्याय चालू करून कर्नल बिल्ड केला, तेव्हा एक ओळ बाहेर पडली: मशीन आयडी ओळखीचा नाही, प्रोसेसरच्या आर-१ रजिस्टरमध्ये ८३१. हेक्समधून साध्या आकड्यात काढलं तर २०९७. अरे, हा तर शीवाप्लगचाच नंबर की! म्हणजे कर्नल तीन रात्री हेच सांगत होता, त्याला फक्त तोंड नव्हतं.

जुनं यू-बूट कर्नलला एवढा नंबर सांगून मोकळं होतं. पूर्वी ते पुरायचं. प्रत्येक बोर्डाची फाइल कर्नलमध्येच असायची. गावातल्या जुन्या तलाठ्यासारखं, नाव ऐकलं की बांध कुठला, विहीर कुठं, सगळं तोंडपाठ. २०११ मध्ये एआरएम प्रोसेसरांच्या ह्या पसाऱ्यावर लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स भडकले, आणि मग हळूहळू सगळे डिव्हाइस ट्रीवर, म्हणजे बोर्डाची माहिती वेगळ्या फाइलीत देण्यावर, गेले. नवा तलाठी तोंडओळख मानत नाही, आधी सातबारा दाखव म्हणतो. आणि आपल्या यू-बूटनं सातबारा जन्मात बघितलेला नाही.

मग सातबारा कर्नलच्याच शेपटाला बांधला. अपेंडेड डीटीबीचा (डीटीबी म्हणजे डिव्हाइस ट्रीची फाइल) पर्याय चालू केला, झेडइमेज, म्हणजे आवळलेला कर्नल, आणि डीटीबी कॅट कमांडनं एकामागं एक जोडल्या, वरून एमकेइमेजनं यू-बूटला लागणारं वेष्टन. ओळी धो धो पडायला लागल्या, मी खुर्चीतून उठलो, आणि कर्नल पॅनिक! रूट, म्हणजे मुख्य फाइलसिस्टिम, सापडेना. ती कुठं आहे ते सांगणारे यू-बूटचे बूटआर्ग्ज एटॅग नावाच्या जुन्या यादीतून येतात, आणि डीटीबी मिळाली की कर्नल तिकडं बघतच नाही. दोन्ही जुळवणारं एटॅग-डीटीबी-कम्पॅट चालू केलं, लॉगिन आलं.

नँडवर, प्लगच्या फ्लॅश मेमरीवर, लिहिलं तर 'बॅड डेटा सीआरसी', म्हणजे तपासणीचा आकडा जुळेना. हे मात्र पाच मिनिटांत कळलं: यू-बूटची बूटकमांड नँडमधून मोजून ४ एमबी वाचते, माझी इमेज त्याहून जराशी मोठी. पुढं लगेच जुनी रूट सुरू होते, ती पुसायचा धीर होईना. साउंड, व्हिडिओ, नको त्या फाइलसिस्टिम उपटून काढल्या, एक्सझेड कॉम्प्रेशननं आवळलं, बसली. उघडायला थोडा जास्त वेळ घेते, घेऊ दे.

सकाळी मामांना मोठ्या तोऱ्यात दाखवलं. चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "फेऱ्या तर तेवढ्याच मोजतोय की."

तुझा,
मह्या

ता. क. कॉन्फिग पाठवतोय. तुझ्याकडं पडलेल्या दुसऱ्या प्लगवर घालून बघ, पण बूटकमांड आधी वाच.