जुनापाणीचे गोटे म्हणजे कुणाच्या तरी कबरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पितृमोक्ष अमावस्येनंतरच्या रविवारी आईला आणि भाच्याला घेऊन काटोल रोडनं नागपूरजवळच्या जुनापाणीला गेलो होतो, खूप वर्षांपासून जायचं होतं पण राहूनच जायचं. तिथं बकऱ्या चारणारा एक पोरगा भेटला, म्हणाला "काय पाहून राहिले जी, गोटेच तर आहेत". त्याचा काही दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नाही ना. नागपुरात जन्म घेऊन चाळीशी आली तरी मलाही कुठं माहीत होतं!

हे गोटे म्हणजे शिळावर्तुळं. मोठमोठे दगड गोल मांडलेले, आत मुरूम मातीचा भराव, आणि खाली माणसाच्या अस्थी, सोबत काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर. अडीच हजार वर्षांहून जुनी स्मशानभूमी आहे ही, एकट्या जुनापाणीत तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत. काही दगडांवर वाटीसारखे छोटे छोटे खळगे ओळीनं कोरलेत, भाचा त्यात बोट घालून मोजत बसला होता. इंग्रजांच्या काळात रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्यानं इथं खोदकाम केलं, मग १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बा. कृ. थापर यांनी. जवळच माहुरझरीला डॉ. शां. भा. देव यांनी १९७० च्या आसपास उत्खनन केलं तर माणसासोबत घोडाही पुरलेला सापडला, त्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने आणि लोखंडी लगाम सकट! आणि पेंच नदीकाठी नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच निघाली. म्हणजे या कबरीतली कुऱ्हाड कुठून तरी लांबून आलेली असेलच असं नाही, लोखंड बनवणारे इथलेच लोक होते, आपल्याच मातीतले.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. बऱ्याच वर्तुळांत पूर्ण देह नसतो, नंतर गोळा केलेल्या निवडक अस्थीच ठेवलेल्या असतात. हे सांगितलं तर आई एकदम म्हणाली, अरे आपणही तिसऱ्या दिवशी अस्थी वेचून मडक्यातच ठेवतो की. त्यांचा धर्म काय होता, देव कोणते होते हे त्यांनी लिहून ठेवलं नाही, पण गेलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, त्याच्याजवळ मडकं ठेवायचं, त्याचं हत्यार ठेवायचं, ही माया तर कळतेच ना आपल्याला. आणि ही रीत मेलेलीही नाही, भामरागडकडे माडिया गोंड लोक आजही गेलेल्या माणसाच्या आठवणीत उभा दगड रोवतात. त्या दगडाला कुणी हात लावून दाखवावा गावात.

इथं मात्र काय चाललंय? रस्त्यालगतच्या एका वर्तुळाचे दगड उचलून कुणीतरी बसायला मांडले होते, मधोमध दारूच्या बाटल्या. नंतर परतताना थोडं आडवाटेनं आलो तर एका प्लॉटच्या कामासाठी जेसीबीनं माती सपाट केलेली, आणि त्या ढिगात अर्धं वर्तुळ तसंच दिसत होतं, निम्मे दगड कडेला लोटलेले. आई चप्पल काढून तिथंच उभी राहिली, काही बोलली नाही.

जुनापाणीची वर्तुळं संरक्षित स्मारक आहेत. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर परवानगी लागते असा कायदा आहे. पण हिंगणा, कळमेश्वर, कामठीकडच्या शेतांमध्ये आणि माळरानावर अशी कितीतरी वर्तुळं पसरलीत, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी ना कुंपण ना बोर्ड, आणि शहर तर रोज त्याच दिशेनं वाढून राहिलं. लेआउट पाडण्याआधी जमिनीवर वर्तुळ आहे का हे एकदा बघायला काय जातं? मोजणीच्या नकाशावर ती दाखवावीत, आणि जिथं आहेत तिथं मराठीत, मोठ्या अक्षरात, "ही अडीच हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी आहे" एवढं लिहिलेला बोर्ड लावावा. शाळांच्या सहली फुटाळा तलावावर जातात तशा एकदा इकडेही आणा, त्या बकऱ्यावाल्या पोरालाच वाटाड्या करा, त्याला तिथला एकेक दगड पाठ आहे.

आपला,
एक वाचक, नागपूर