शरणपूरच्या वाटेचं दुसरं टोक

मोंबासा, केनिया
ऑगस्ट, रविवार संध्याकाळ

प्रिय मित्रास,
प्रभूच्या नावे सप्रेम सलाम.

आधी आईबद्दल. तू तिला दवाखान्यात नेलंस, ऑपरेशन होईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिलास, वहिनींनी आठ दिवस डबा पुरवला, हे सगळं मला आईकडून कळलं. तू फोनवर "सगळं ठीक आहे" एवढंच म्हणालास. तुझा फोन आला तेव्हा तुमच्याकडे साडेसहा, इथे पहाटेचे चार. त्यानंतर झोप लागली नाही. गुडघे टेकून बसलो, पण खरं सांगतो, शब्दच येईनात. आईला मागे ठेवून समुद्रापार सेवेला यावं की नाही, हा प्रश्न निघताना सुटला असं वाटलं होतं. त्या पहाटे तो पुन्हा समोर येऊन बसला. अजून आहे. तू तिथे आहेस म्हणून मी इथे राहू शकतो, एवढं मात्र मला पक्कं ठाऊक आहे.

रुळलास का, असं तू विचारलंस. नऊ महिने झाले. आलो तेव्हा उकाड्याने जीव नकोसा झाला होता; आता कुसी वारा सुटलाय, समुद्रावरून येतो, रात्री चादर लागते. खाण्याचं म्हणशील तर नाश्त्याला म्बाझी असते, म्हणजे आपली तूरच, पण नारळाच्या दुधात शिजवलेली, आणि सोबत वेलदोडा घातलेले तळलेले महाम्री. चपाती मिळते, तिला चपातीच म्हणतात. रस्त्यात बजाजच्या रिक्षा. साबणाला सबुनी, हिशोबाला हेसाबू, गाडीला गारी. त्यामुळे पहिल्या आठवड्यात वाटलं, स्वाहिली भाषा काय, महिन्याभरात येईल.

तसं झालं नाही. पहिल्या रविवारी उपासना 'सा तातू'ला आहे असं मला सांगितलं होतं. तातू म्हणजे तीन, हे मी नाशिकहूनच पाठ करून आलो होतो. म्हणून दुपारी तीनला गेलो. चर्च रिकामं. एक म्हाताऱ्या बाई नारळाच्या हिरांच्या खराट्याने आवार झाडत होत्या. त्यांनी मला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि बोटांवर मोजून समजावलं. इथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, नऊ म्हणजे तिसरा. विषुववृत्त जवळ असल्यामुळे सूर्य बारा महिने सहाच्या आगेमागे उगवतो, म्हणून हा हिशोब कधी चुकत नाही.

त्या रात्री मार्काचं शुभवर्तमान उघडलं. तिसऱ्या तासाला प्रभूला खिळलं, सहाव्यापासून नवव्यापर्यंत देशभर अंधार. शब्बाथशाळेपासून आपण हे वाचत आलो, दर वेळी मनात सहा मिळवून. इथल्या पोरांना काही मिळवावं लागत नाही रे. त्यांच्या रोजच्या बोलण्यातच ते तास आहेत. ज्यांना मी शास्त्र शिकवायला आलो, त्यांनी पहिल्याच दिवशी मला त्यातलं एक पान उलगडून दाखवलं. तेव्हाच ठरवलं, निदान सहा महिने उपदेशाला उभं राहायचं नाही. शेवटच्या बाकावर बसायचं आणि ऐकायचं. इथल्या पाळकसाहेबांनाही ते पटलं. ज्यांनी मला पाठवलं त्यांना पटवायला वेळ लागला. त्यांना दर महिन्याला आकडे हवे असतात.

ऐकताना काय काय सापडतं बघ. वडीलधारं माणूस भेटलं की 'शिकामो' म्हणायचं. त्याचा मूळ अर्थ 'पाय धरतो' असा सांगतात. समोरून 'मराहाबा' आलं की मग पुढचं बोलणं. मी सुरुवातीला नुसता हात पुढे करत होतो, चर्चमधल्या एका वयस्कर गृहस्थांना ते लागलं. आणि 'पोले' हा शब्द तर आपल्याकडे असायला हवा होता. पावसात मी चिखलात घसरून पडलो, तर रस्त्यावरचा प्रत्येक जण म्हणाला, "पोले, पोले साना." मी म्हणत राहिलो की तुमची काय चूक. चुकीचा प्रश्नच नाही. तुला लागलं ते मला दिसलं, एवढंच त्यात असतं. आईचं ऑपरेशन झालं त्या दिवशी वर्गातल्या मुलांनीही रांगेने येऊन 'पोले' म्हटलं. मी गणित शिकवायचं सोडून फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. मी राहतो तिथून फ्रिअर टाउन जवळ आहे. आधी मुंबईचे गव्हर्नर होते ना, सर बार्टल फ्रिअर, त्यांचंच नाव. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्यांसाठी चर्च मिशनरी सोसायटीने 1875 मध्ये ही वस्ती वसवली. उभी करायला आले ते मिशनरी प्राइस, आधी आपल्या नाशिकच्या शरणपूरला, ख्रिस्ती वस्तीत होते तेच. आणि त्यांना हातभार लावणारे सुतार, लोहार, शिक्षक कुठले? आपल्या शरणपूरचे! लहानपणी आफ्रिकेतून पळवलेली, इंग्रजी आरमाराने समुद्रात सोडवलेली आणि नाशिकला वाढलेली मुलं. त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' असं नावच पडलं.

जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. 1873 मध्ये आफ्रिकेत फिरणारे मिशनरी संशोधक लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा त्यांचं हृदय ज्या झाडाखाली पुरलं, त्याच्या खोडावर अक्षरं कोरली ती जेकबने. अंत्यविधीची उपासनाही त्यानेच वाचली. मग त्यांच्या सोबतच्या सगळ्यांनी मिळून तो देह कित्येक महिने चालत किनाऱ्यावर आणला. ती अक्षरं गिरवायला तो आपल्या गावात शिकला, मित्रा. शरणपूर रोडवरून आपण वीस वर्षं सायकली हाणल्या आणि हे आपल्याला कुणी सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पण मला झोपू देत नाही ती वेगळीच गोष्ट. ही माणसं आपल्या खंडात परत आली तेव्हा किनाऱ्यावरच्यांना ती परकीच वाटली. कपडे वेगळे, बोली वेगळी. नाशिकला ती आफ्रिकन होती, इथे बॉम्बेवाली. मी परका आहे ते माझ्या मर्जीने, खिशात परतीचं तिकीट ठेवून. त्यांना ना मर्जी विचारली गेली, ना तिकीट होतं. तरी त्यांनी इथे शाळा चालवल्या, घरं बांधली, पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला. गुलाम धरणारे आले की वाजवायची ती घंटा अजून चौकात एका कमानीत टांगलेली आहे. घंटेला इथे केंगेले म्हणतात, म्हणून त्या चौकाचं नाव केंगेलेनी. मी रोज रिक्षाने तिच्याजवळून जातो. एकाकी वाटलं की तिथेच उतरतो आणि पुढे चालत जातो.

त्या झाडणाऱ्या बाई आता मला नातू म्हणतात, मी त्यांना बिबी म्हणतो, म्हणजे आजी. मी नाशिकचा हे कळल्यावर त्यांनी हातातलं काम ठेवलं. त्यांचे पणजोबा 'बॉम्बेहून' आले होते, एवढंच त्यांच्या घरात सांगत आले आहेत. त्यांनी विचारलं, ते गाव कसं आहे? मी फोन उघडला, तर त्यात आपल्या सहलींचे, हॉटेलातले, वाढदिवसांचे फोटो. शरणपूरचा एकही नाही.

म्हणून एक काम कर. आई हिंडू-फिरू लागली की तिला घेऊन शरणपूरला जा. चर्चचे फोटो काढ, आतले आणि बाहेरचे, तिथल्या जुन्या झाडांचे, कबरस्तानाचेही. सकाळच्या उजेडात काढ. आणि परतताना गोदाघाटावर थांब. बिबींना नदी बघायची आहे.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझाच