बाबा, उतारा काढून ठेवा

चाकण, पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "या देशाचं आता काही खरं नाही," आणि फोन आईच्या हातात दिला. आई रताळ्याच्या वेलांचं, शेजारच्या लग्नाचं सांगत राहिली. माझं लक्ष मात्र त्या एका वाक्यातच अडकलं. मशीन घ्यायच्या दादाच्या कर्जासाठी शेताचा उतारा द्यायला तुम्ही नाही म्हणालात, हे मला कळलंय. फोनवर हा विषय काढला की तुम्ही गप्प होता, म्हणून लिहायला बसले. आई, हे तू बाबांना मोठ्यानं वाचून दाखव.

बाबा, तुमची भीती खोटी नाही. 2025 च्या ऑगस्टात अमेरिकेनं आपल्या बऱ्याच मालावर 50 टक्के आयातशुल्क लावलं. तेव्हापासून आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत कुणाची ऑर्डर थांबली, कुणाची पाळी कमी झाली, हे तुम्ही रोज कट्ट्यावर ऐकता. इथं चाकणला मीही बघते. डिप्लोमा झालेली पोरं कंत्राटावर येतात, काम शिकतात, आणि हात बसतो न बसतो तोच मुदत संपते. देशातले शंभरातले चाळीसहून जास्त कामकरी अजून शेतीवरच आहेत, आणि देशाच्या उत्पन्नातला कारखानदारीचा वाटा कितीतरी वर्षं सहाव्या हिश्शाच्या आसपास अडकून पडलाय. "चीन बघ कुठल्या कुठं गेला" हेही तुमचं बरोबर. 1990 साली त्यांचं आणि आपलं दरडोई उत्पन्न जवळजवळ सारखं होतं. आज त्यांचं आपल्या चौपटीहून जास्त आहे. हे दुखतंच.

पण तुम्ही फाउंड्रीतून ब्लो-होल (वायू अडकून पडलेलं भोक) निघालेलं कास्टिंग पिशवीत घालून घरी आणायचात, ते आठवतं? चहा गार व्हायचा आणि तुम्ही त्या भोकात काडी घालून बघत बसायचात. वाळूत ओल राहिली, की वायू निघायला वाट कमी पडली? दुसऱ्या दिवशी वाळू बदलायची, साच्याला आणखी दोन भोकं पाडायची. एकतीस वर्षांत "भट्टीच विझवा" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. मग आताच का?

1991 चा पावसाळा आठवा. मी चौथीत होते. तुमचा दोन महिन्यांचा पगार थकला होता आणि आईच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. त्याच जुलैत पेपरात आलं, की देशानंही सुमारे 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवलं. आयातीला दोन-तीन आठवडे पुरतील एवढेच डॉलर शिल्लक होते. तुम्ही पेपराची घडी घातलीत आणि म्हणालात, "आपलं आणि सरकारचं एकच झालं." आई त्या रात्री जेवली नाही. शेजारचे काका तर म्हणाले होते, की आता पुन्हा कुणाचं तरी राज्य येणार आपल्यावर.

पाटल्या दोन दिवाळ्यांनंतर सुटून आल्या. देशाचं सोनंही सुटलं. 2009 साली रिझर्व्ह बँकेनं नाणेनिधीकडून 200 टन सोनं विकत घेतलं. 2024 च्या सप्टेंबरात आपली परकीय गंगाजळी 70,000 कोटी डॉलरांच्या वर गेली होती. मधल्या काळात, 2013 मध्ये, डॉलर 68 रुपयांवर गेला तेव्हाही "बुडालो" असंच सगळे म्हणत होते. मी तेव्हा नोकरीत नवी नव्हते, मीही घाबरले होते.

आई, तुझ्या माहेरी अथणीकडं 1972 च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो, ती बाहेरून आलेली ज्वारी, मिळायची. तिची भाकरी थापताना चिरायची, आणि आजी ते तुकडे पाण्यात भिजवून तुम्हा भावंडांना द्यायची, हे तू किती वेळा सांगितलंयस. 1966 साली तर एक कोटी टनांहून जास्त धान्य आपण बाहेरून आणलं होतं. आज जगाच्या बाजारात देशादेशांत जो तांदूळ विकला जातो, त्यातला जवळपास चाळीस टक्के आपला असतो. नवं बियाणं आलं, कालवे आले, विहिरी खोल गेल्या, हमीभावानं खरेदी झाली. जमिनीखालचं पाणी आपण फार उपसलं, त्याची किंमत पुढं मोजावी लागेल. पण मिलो खाल्लेल्या मुलीच्या हयातीतच हे घडलं.

आणि बेळगावातच बघा ना. हत्तरगीच्या माळावर आज एअरबसच्या विमानांना लागणारे सुटे भाग बनतात. मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजायचं काम. उद्यमबागेत वाळूशी झुंजत जी नजर तयार झाली, तिच्याच पुढच्या पिढीचं हे काम आहे असं मला वाटतं. माझी सगळी आशा या हातांवर आहे. जगात सर्वांत जास्त ट्रॅक्टर आपल्याकडे बनतात आणि आपल्याकडेच खपतात. दादाला जे काम मिळणार आहे, ते ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक्सचं आहे, अमेरिकेला जाणाऱ्या मालाचं नाही. दोन गिऱ्हाइकांची लेखी पत्रं मी स्वतः वाचलीत.

दादा घेतोय ते जुनं व्हीएमसी (धातू कापायचं संगणकी) मशीन आहे, पण त्याचं स्पिंडल, म्हणजे हत्यार फिरवणारा दांडा, चांगलं आहे. आमच्या मेंटेनन्सच्या माणसाला दाखवून घेतलंय. तारणाला फक्त रस्त्यालगतचे वीस गुंठे द्यायचे. आईचं रताळ्याचं वावर आणि घरामागची जमीन त्यात नको, हे मी दादाला बजावलंय. माझ्या ठेवीतले तीन लाख मी घालतेय आणि जामीनही मीच राहणार. धंदा बसला तर हप्ते मी भरीन, हे लिहून देते.

बाबा, तुम्ही अजूनही 1 नोव्हेंबरला काळी फीत लावून सायकल फेरीला जाता. गुडघा धरला तरी जाता. 1956 पासूनचा सीमाप्रश्न, 2004 पासून सुप्रीम कोर्टात महाराष्ट्राचा दावा, आणि तुम्ही एकदाही "आता काही खरं नाही" म्हणाला नाहीत. मी लहानपणी तुमचा हात धरून त्या गर्दीत चालले आहे. आशा कशी धरून ठेवायची हे मी तिथंच शिकले. त्यातला थोडा वाटा दादालाही द्या.

शनिवारी वंदे भारतनं येतेय, रात्री घरी पोचेन. पूर्वी मिरजेला रात्री-अपरात्री गाडी बदलताना तुम्ही मला खांद्यावर घेऊन पूल चढायचात. आता बसल्या जागी बेळगाव येतं. तोवर उतारा तेवढा काढून ठेवा. सही लगेच करा असं म्हणत नाही. मशीनचे कागद, गिऱ्हाइकांची पत्रं, बँकेच्या हप्त्यांचा हिशेब, सगळं घेऊन येते. तुमच्या नजरेनं एकदा बघा, आणि जिथं भोक दिसेल तिथं काडी घाला.

आई, गुडघ्यांचं तेल आणतेय. दोघांसाठी.

तुमची लेक