टन छापता, मग कण केवढा तेही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऊन परतवून पृथ्वी थंड करण्यासाठी स्थितांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरात, गंधक फवारण्याच्या कल्पनेवरची बातमी आपल्या अंकात वाचली. गंधक किती टन लागेल याचा हिशेब तीत होता, कण केवढे होतील यावर मात्र एक ओळही नव्हती. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे राहवलं नाही.

नववीच्या वर्गात मी एक प्रयोग करत असे. चंचुपात्रात हायपोचं (सोडियम थायोसल्फेटचं) द्रावण, त्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थोडे थेंब आणि मागून टॉर्चचा झोत. गंधकाचे बारीक कण तयार होऊ लागले की बाजूने पाणी निळसर दिसतं आणि भिंतीवरचा झोत पिवळा, मग तांबडा होतो. आणखी थोडं थांबलं की कण वाढतात, निळी झाक जाते आणि सगळं दुधासारखं पांढरं होतं. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढे यायची.

उपग्रहांतून कणांचा आकार काढतात तो याच तत्त्वावर. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०१७पासून असलेलं सेज-३ हे उपकरण वातावरणाच्या कडेतून उगवता-मावळता सूर्य पाहतं आणि ३८४ ते १५४४ नॅनोमीटरमधल्या नऊ तरंगलांबींवर कणांनी किती प्रकाश अडवला ते नोंदवतं. कण बारीक असतील तर निळा प्रकाश जास्त अडतो, डोळ्यांना न दिसणारा, लांब तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश बराचसा सुटतो. कण वाढले की हा फरक मिटत जातो. ०.१ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, १००० नॅनोमीटर) बारीक कण मात्र या नजरेतून निसटतात, त्यांच्यासाठी फुग्यांतून उपकरणं वर पाठवावी लागतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) हैदराबाद केंद्रातून असे फुगे सोडले गेले आहेत.

१९९१ साली फिलिपाइन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला. त्या हिवाळ्यात वाईच्या घाटावरून सूर्य बुडाल्यावरही कितीतरी वेळ पश्चिमेला जांभळट उजेड रेंगाळलेला मी पाहिला आहे. पुढच्या वर्षी जग सुमारे अर्ध्या अंशाने निवलं. पण त्या वायूपासून वर बनलेले गंधकाम्लाचे थेंब एकमेकांना मिळून मोठे होत गेले. मोठा थेंब वजनाच्या मानाने ऊन कमी परतवतो आणि खालीही लवकर येतो. म्हणून गंधक दुप्पट केलं की गारवा दुप्पट, असा सरळ हिशेब इथे चालत नाही.

सेज-३ ज्या स्थानकावर आहे ते २०३०च्या सुमारास निवृत्त करायची योजना आहे. फवारणीची भाषा करणाऱ्यांनी आधी ही मोजणी पुढे कोण चालवणार ते सांगावं. आणि आपण पुढच्या बातमीत टनांच्या शेजारी मायक्रॉनही छापावेत, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, वाई (जि. सातारा)