'पर्ल' वाचून दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण लेकरू गमावलेलं आणखी कुणी असेल तर त्याच्यापर्यंतही 'पर्ल', म्हणजे 'मोती', ही इंग्रजी कविता पोचावी.

आमची छकुली गेली तेव्हा १९ महिन्यांची होती. भेटायला येणारे म्हणायचे, "अजून वय आहे तुमचं, दुसरं होईल." तुम्ही तसलं काही बोलला नाहीत. काही दिवसांनी झेरॉक्सचे कागद घेऊन आलात आणि म्हणालात, "सहाशे वर्षांपूर्वीचा एक बाप आहे. त्याची मुलगीही दोन वर्षांची व्हायच्या आत गेली. ऐकणार?"

चौदाव्या शतकातल्या इंग्रजीची मला धास्तीच होती. तुम्ही एकेक ओळ मोठ्यानं वाचायचात, मग मराठीत सांगायचात. तो बाप म्हणतो, माझा मोती हातातून निसटून गवतात पडला. पहिल्या पाच कडव्यांत 'स्पॉट' हा शब्द फिरून फिरून येतो. एक कडवं त्यावर संपतं आणि पुढचं तोच शब्द उचलतं. आपल्या दामयमकासारखं, असं तुम्ही म्हणालात. स्पॉट म्हणजे डाग, आणि स्पॉट म्हणजे जागाही. मोत्यावर डाग नाही, आणि तो जिथं पडला ती जागा बापाच्यानं सोडवत नाही. मीही तेव्हा रोज संध्याकाळी तिला पुरलं तिथं जाऊन बसायचो. हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, मॅडम?

मग कवितेतला बाप तिथंच झोपतो आणि स्वप्नात त्याची मुलगी ओढ्यापलीकडे दिसते. तो हुज्जत घालतो: तुला साधी प्रार्थना येत नव्हती, स्वर्गात पहिल्याच दिवशी राणी कशी झालीस? ती द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा बायबलमधला दाखला देते, उशिरा आलेल्यालाही सारखीच मजुरी. मला तो पटला नाही, आजही पटत नाही. बापाचं भांडणं मात्र शब्द न् शब्द पटलं. शेवटी न राहवून तो पाण्याकडे झेपावतो आणि जागा होतो, त्याच मातीवर डोकं टेकलेलं. तिथं तुमचा आवाज थांबला. त्या दिवशी मी पहिल्यांदा मोकळेपणी रडलो.

कवीचं नाव कुणालाच ठाऊक नाही. कवितेचं एकच हस्तलिखित उरलंय, तेही लंडनमधल्या १७३१ सालच्या आगीतून वाचलेलं. ते वाचलं, आणि तुम्ही ते माझ्या दारात आणलंत. मॅडम, मनापासून आभार.

रविवारी आम्ही दोघंही येतोय. हिला शेवटचा भाग तुमच्या तोंडून ऐकायचाय.

तुमचा,
छकुलीचा बाबा