फी माफ आहे म्हणतात, मग जुलैत पैसे कायचे मागता?

माननीय संपादक साहेब, नमस्कार.

नागपूरच्या नंदनवन भागात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटंसं सेंटर आहे. ॲडमिशनच्या दिवसांत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडची पोरं-पोरी आणि त्यांचे मायबाप सकाळपासून येऊन बसतात. कॅप राउंड (म्हणजे सरकारच्या केंद्रीय ॲडमिशनच्या फेऱ्या), कटऑफ, कोणतं कॉलेज चांगलं हे सगळं पोरांना पाठ असते, पण पैशाचं विचारलं की बाप पोराकडे पाहतो अन् पोरगा माझ्याकडे. म्हणून हे पत्र लिहून राहिलो.

योजना खूप आहेत, खोटं कशाला बोलू. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी (मराठा) आणि ईडब्ल्यूएस (खुल्या गटातल्या आर्थिकदृष्ट्या मागास) मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, आधी अर्धीच होती. फार मोठं काम झालं हे. पण गावात गेलं काय, तर "पोरींचं सगळं फुकट झालं". मग ती माय पोरीला घेऊन नागपूरला येते आणि इथं तिला कळते की होस्टेल, मेस आणि कॉलेजच्या बाकीच्या फिया द्यायच्याच आहेत, आणि ॲडमिशन कॅपमधून नसेल किंवा खासगी विद्यापीठात, खासगी अभिमत विद्यापीठात असेल तर ही माफी लागूच होत नाही. "मॅनेजमेंट कोट्यातून करून देतो" म्हणणारे एजंट हे सांगत नाहीत. ॲडमिशन होऊन गेल्यावर माझ्याकडे येऊन काय उपयोग.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची आहे. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाइटवर, फॉर्म भरला म्हणजे पैसे आले असं नसते, आधी तो कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, मग प्रिन्सिपल, मग समाजकल्याण नाहीतर ज्या त्या विभागाकडे, मग मंजुरी, मग हप्ता, आणि यात किती महिने जातील याचा कोणाला नेम नाही, पण कॉलेजला पैसे जुलैतच पाहिजे असतात. "आता भरा, स्कॉलरशिप आली की वापस करू" असं खिडकीवर सांगतात. मागच्या साली ब्रह्मपुरीकडची एक पोरगी आली होती, तिच्या बापानं सोनं गहाण ठेवून पूर्ण फी भरली, परत मिळायची ती मिळेल तेव्हा मिळेल, व्याज तर त्याच महिन्यापासून सुरू झालं ना! पात्र विद्यार्थ्याकडून माफ असलेली फी आधी वसूल करायचीच नाही, एवढं जरी प्रत्येक कॉलेजनं पाळलं तरी अर्धी घरं कर्जातून वाचतील असं मला मनापासून वाटते.

बँक खात्याचंही सांगतो, कारण पैसे मंजूर होऊन अडकतात ते इथंच. रक्कम आधारला जोडलेल्या खात्यात जाते, आणि एकापेक्षा जास्त खाती असतील तर जे शेवटी जोडलं त्याच खात्यात. पोरानं मधेच सिम घेताना कुठलं तरी पेमेंट बँकेचं खातं उघडलं असते, पैसे तिकडं पडून राहतात आणि घरचे पासबुक एंट्री मारून थकतात. फॉर्म भरायच्या आधी बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला लागलं आहे ते पाहा. आणि उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्येच काढा, तो ३१ मार्चपर्यंतच चालतो, जूनमध्ये सेतूवर पाय ठेवायला जागा नसते.

राहण्या-खाण्याचं तर विचारूच नका. सरकारी होस्टेलला नंबर नाही लागला तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध पोरांसाठी स्वाधार योजना आहे, नागपुरात वर्षाला ६० हजार, त्यात जेवणाचे ३२, राहण्याचे २० आणि निर्वाहाचे ८ हजार. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. रक्कम चांगली आहे, पण मेसवाल्या काकूला दर महिन्याच्या सुरुवातीला पैसे लागतात, तिलाही किराणा भरायचा असते, आणि ही रक्कम येते उशिरा. उधारी वाढली की पोरगं आधी एक वेळचा डबा बंद करते. हे मी पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

शैक्षणिक कर्जाला लोक फार भितात, सातबारा घेऊनच बँकेत जातात. केंद्राच्या हमी योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, हे त्यांना कोणी सांगतच नाही.

कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली सुमारे ३५ लाखांची संपत्ती नागपूर विद्यापीठाला विज्ञान-तंत्रशिक्षणासाठी दिली, त्यातून १९४२ मध्ये नागपुरात लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एलआयटी) उभं राहिलं. त्या काळचे ३५ लाख! आज या शहरात व्यापारी आहेत, मोठ्या हुद्द्यावर पोचलेले माजी विद्यार्थी आहेत. विद्यापीठानं त्यांना सोबत घेऊन एक फिरता निधी काढावा: स्कॉलरशिप मंजूर व्हायची असलेल्या पोराला जुलैत बिनव्याजी रक्कम द्यायची आणि त्याचे पैसे आले की परत घ्यायची. तोच पैसा पुढच्या साली दुसऱ्याला. आणि प्रत्येक कॉलेजात ॲडमिशनच्या महिन्यात स्कॉलरशिपची माहिती असलेला एक माणूस फक्त याच कामाला बसवावा, खिडकीवर "नेटवर पाहा" म्हणून पोरांना परत पाठवू नये.

तुमच्या पेपरलाही विनंती आहे साहेब. मे महिन्यात रोज एक चौकट छापा, एका दिवशी एक योजना, कोणाला मिळते, कोणते कागद लागतात, शेवटची तारीख काय. गडचिरोलीच्या आतल्या गावात नेट नसलं तरी पेपर जातो, आणि मी ती कात्रणं माझ्या सेंटरच्या भिंतीवर लावीन.

आपला,
ऑनलाइन सेंटर चालवणारा एक वाचक, नंदनवन, नागपूर